दरडीने अडवलेल्या नद्यांचं दप्तर

[दृश्य: कोरडं पडत चाललेलं विस्तीर्ण नदीपात्र]

जून १८४१. अटकेजवळ सिंधूच्या काठी शीख फौजेचा तळ पडला होता. वर डोंगरात बर्फ वितळायचे दिवस, तरी कित्येक आठवडे नदी रोडावलेलीच. मग एका दुपारी चिखलपाण्याचा लोंढा आला. तळ गेला, माणसं गेली.

हा पूर तेव्हाच कागदावर आला. कारण मात्र शेकडो किलोमीटर वर पडून होतं. आदल्या हिवाळ्यात भूकंपाने नंगा पर्वताचा एक उतार कोसळून सिंधू अडली होती आणि मागे अवाढव्य तलाव साचला होता. पुढे कित्येक वर्षं काही जाणकार हिमनदीलाच दोष देत राहिले.

अशा नद्यांची यादी करायला बसलं, की हे सतत होतं. पुराची नोंद एका दप्तरात, दरडीची दुसऱ्याच. कधी दुसरी नसतेच.

[दृश्य: जपानी हस्तलिखित, हाताने काढलेला पूरनकाशा]

तारखांचा घोळ वेगळाच. जपानमध्ये झेनकोजीचा भूकंप झाला ८ मे १८४७ रोजी. दरडीने साई नदी अडली आणि १९ दिवसांनी बांध फुटला. जपानी कागदांत फुटल्याची तिथी आहे चौथ्या महिन्याची तेरावी. ती चांद्र पंचांगातली. कुणी सरळ १३ एप्रिल लिहून मोकळा झाला, तर बांध भूकंपाच्या आधीच फुटतो!

१९८८ साली कॉस्टा आणि शुस्टर या अमेरिकी संशोधकांनी फुटलेल्या ७३ दरडबांधांचं आयुष्य मोजलं. पाव हिश्शाहून जास्त बांध एक दिवसही टिकले नव्हते. वर्षभरात ८५ टक्के संपले. पण हे झाले कुणीतरी पाहिलेले. निर्मनुष्य दरीत रात्री अडलेली आणि पहाटे मोकळी झालेली नदी कोण लिहून ठेवणार? म्हणून अशा यादीतले आकडे मी जरा जपूनच वाचतो.

[दृश्य: गढवालमधली बिरही गंगेची दरी]

लिहून ठेवावं तर गोहना गावाजवळच्या बांधासारखं. सप्टेंबर १८९३ मध्ये इथे डोंगर ढासळला आणि सुमारे २७० मीटर उंचीचा बांध तयार झाला. इंग्रज अभियंत्यांनी पाणी किती वेगाने चढतंय ते मोजलं आणि पुढच्या ऑगस्टच्या मध्यावर ते बांधावरून वाहू लागेल, असा हिशेब मांडला. खोऱ्यातून तारेची लाइन टाकली, गावं उठवली. २५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी माथ्यावर आलं, रात्री बांध खचला. खालचं गढवालमधलं श्रीनगर वाहून गेलं. जीव गेले ते पाच: हलवूनही पुन्हा बांधाखाली परतलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब.

हिशेब काही दिवसांच्या फरकाने चुकला. पण अंदाज आणि घटना, दोन्ही तारखा कागदावर आहेत. जुन्या नोंदींत हे भाग्य फार थोड्या बांधांना लाभलं.

मात्र त्या रात्री सगळा तलाव रिकामा झाला नव्हता. उरलेलं पाणी आणखी पाऊणशे वर्षं तिथेच राहिलं आणि जुलै १९७० च्या अलकनंदेच्या पुरात तेही निघून गेलं.

[दृश्य: कोरा तक्ता. ‘बांध कधी फुटला?’ या रकान्यावर थांबलेलं पेन]

रकाना एक. तारखा दोन.