शिंप्याची मापवही आणि मुलीची पाठ

नमस्कार श्रोतेहो.

आज मुलांच्या पाठीच्या कण्याविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात एका भांडणापासून करते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून एकदा रुग्ण तपासायला जायचे. एके दिवशी दार लोटून तिघं आत आली. बारा वर्षांची एक मुलगी, तिची आई आणि गळ्यात टेप तशीच लटकलेले टेलर मास्तर. आईच्या हातात शाळेचा निळा कुर्ता. बसायच्या आधीच तिनं तो माझ्या टेबलावर पसरला. "डॉक्टर, तीनदा उसवून घेतला. तीनदा! तरी डावीकडचा काठ दोन बोटं वरच. आणि हे मला म्हणतात, कापड सरळ आहे ताई, पोरगी तिरकी आहे."

मास्तर ओशाळले होते, पण मागे हटत नव्हते. त्यांनी काखेतली वही काढली. मापवही. तेल लागलेली, पानं सुटलेली. "बघा मॅडम. गेल्या जूनला लांबी चौतीस, यंदा सदतीस. आणि गेल्या साली खांदा ते कंबर एकच आकडा लिहिलाय. यंदा दोन लिहावे लागले. एका अंगाला चौदा, दुसऱ्या अंगाला सव्वातेरा."

श्रोतेहो, फायलींचे गठ्ठे मी पुष्कळ पाहिलेत, पण मला हवी ती माहिती इतकी नेमकी क्वचित मिळाली आहे. मूल वर्षात किती झपाट्यानं वाढलं आणि त्या वाढीत पाठ कुठे कलली, दोन्ही एका पानावर.

मुलीला पाठमोरी उभं केलं. पाय जुळवून, दोन्ही तळवे एकमेकांना लावून, पुढे वाकायला सांगितलं. उजवीकडच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या. आई एकदम गप्प झाली. तिनं मुलीची उघडी पाठ दोन वर्षांत पाहिलीच नव्हती. कशी पाहणार? दहा-अकरा वर्षांची झाली की मुलगी न्हाणीघराला आतून कडी लावते. आणि नेमकं तेच वय या दुखण्याचं.

या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात. लक्षात ठेवा, हे पोक नव्हे. पोकात कणा पुढे वाकतो. इथे कणा बाजूला झुकतो आणि झुकता झुकता स्वतःभोवती पिळला जातो. म्हणूनच बरगड्या वर येतात. वाकून पाहण्याची ही तपासणी लंडनच्या विल्यम ॲडम्स यांनी 1865 मध्ये सांगितली. त्यानंतर एक्स-रेवर वाक मोजायचा. दहा अंशांपुढे गेला तरच स्कोलिओसिस. या मुलीचा अठ्ठावीस निघाला.

आईचा पुढचा प्रश्न ठरलेला. "दप्तरामुळे झालं का?" नाही. दप्तरानं पाठ दुखते, कणा असा पिळत नाही. चुकीचं बसल्यानंही नाही. बहुतेक मुलींमध्ये याचं कारण आजही सापडलेलं नाही. पुन्हा सांगते, आईचा दोष नाही, मुलीचा दोष नाही. (दप्तरं हलकी व्हावीत असं मलाही वाटतं. तिसरीतल्या पोराला इतक्या वह्या कशाला लागतात, हे शाळांनी एकदा सांगावं. आणि गणवेश ठरावीक दुकानातून तयारच घ्यायचा, ही नवी सक्ती तर मला अजिबात पटत नाही. टेप लावून पोराला न्याहाळणारा माणूसच त्यानं हद्दपार केला. असो.)

आता उपचार. अशा वयात, अशा वाकाला प्लास्टिकचा कडक पट्टा देतात, ब्रेस. त्याचा खरंच उपयोग होतो का, यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं वाद होता. 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीस केंद्रांतल्या अभ्यासाचा निकाल आला. दहा ते पंधरा वर्षांची मुलं, वाक वीस ते चाळीस अंश. वाढ थांबेपर्यंत वाक पन्नासच्या आत राहिला तर यश. ब्रेसवाल्यांत यश शंभरात बहात्तर, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत अठ्ठेचाळीस. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

त्यातली गंमत पुढे आहे. ब्रेसमध्ये उष्णता मोजणारा छोटा यंत्राचा तुकडा बसवला होता. ब्रेस अंगावर आहे की कपाटात, हे तो नोंदवायचा. दिवसाला सरासरी तेरा तास किंवा जास्त घालणाऱ्यांत नव्वदच्या वर यश. सहा तासांच्या आत घालणाऱ्यांना जवळजवळ काहीच फायदा नाही. तेरा तास, श्रोतेहो. तेरा तास. तरीही शंभरातली अठ्ठेचाळीस मुलं ब्रेसविनाच निभावली होती, हेही मी आईबापांना सांगते, लपवत नाही.

आमच्या मुलीनं शाळेत ब्रेस घालायला साफ नकार दिला. मग हिशोब बसवला, संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत. मधे तासभर खेळायला सुट्टी. झाले तेरा. तिच्यासाठी मास्तरांनी आतून शिवण न टोचणाऱ्या सुती बंड्या शिवल्या, उन्हाळ्यात घाम टिपायला दोन जादा. पैसे घेतले नाहीत. आईनं जबरदस्तीनं दिले, त्यावरूनही भांडण झालं.

वाढ थांबली तेव्हा वाक होता एकतीस अंश. ब्रेस वाक घालवत नाही, फारसा वाढू देत नाही. एवढंच त्याचं काम, आणि ते झालं. शस्त्रक्रिया टळली. मणक्यांत स्क्रू घालून दोरीनं वाढ वळवायची नवी शस्त्रक्रिया आहे, 2019 पासून अमेरिकेत तिला मर्यादित परवानगी आहे. पण तिच्यासाठी आज वेळ उरलेला नाही, दोष मास्तरांचा.

मास्तर अजून चिठ्ठ्या पाठवतात. मागच्या महिन्यात एक मुलगा आला, चिठ्ठीवर दोन आकडे, अर्ध्या इंचाचा फरक. तपासला. पाठ सरळसोट. माप देतानाही तो मान एका खांद्यावर टाकून मोबाइल बघत होता.