लंडीखाना नावाचं स्टेशन

शेंदुर्णी, जिल्हा जळगाव. जुन्या वाड्याची भिंत उतरवायचं काम सुरू आहे. या हातांकडे बघा. गवंडीबाबा भिंतीवर घाव घालतच नाहीत. आधी सांध्यातला चुना कोरायचा, मग वीट हळूहळू खिळखिळी करायची. ‘ओढायची नाही भाऊ. ओढली की वरची खाली येते.’

१९७२. पाकिस्तानातल्या रावळपिंडीची, १९७१च्या युद्धातल्या कैद्यांची छावणी. तिथे भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी भिंत पोखरली ती अशीच, रात्री-रात्री, आवाज न करता. हाताशी छिन्नी नव्हती, थापी नव्हती. आतल्या विटा निघाल्या, तरी बाहेरचा गिलावा तेवढा शेवटपर्यंत ठेवला. गवंडीबाबा इथल्या भिंतीवर तसाच पापुद्रा बोटाने दाखवतात. दीड बोट जाडी. बाहेरून बघणाऱ्याला भिंत शाबूत!

१३ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, वादळी पावसात, तिघे बाहेर पडले. दिलीप परुळकर, मल्विंदरसिंग गरेवाल, हरीश सिंहजी. बसने पेशावर, तिथून खैबर खिंड. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती.

आता हे रूळ. पाचोरा-जामनेरची आपली पीजे. गाडी २०२० पासून बंद, पण इथली माणसं अजून पत्ता सांगताना स्टेशनचंच नाव घेतात. खैबर खिंडीतल्या लंडीकोतलच्या बाजारात त्या तिघांनीही असंच एका स्टेशनचं नाव घेतलं. लंडीखाना. नकाशात होतं ते. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ सालीच बंद झालेली. तहसील कचेरीतल्या कारकुनाला संशय आला आणि तिघे धरले गेले.

सरहद्दीवरच्या त्या मुलखात हेर म्हणून गोळी बसायला वेळ लागला नसता. परुळकरांनी एक फोन मागितला, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांना. छावणीचे आधीचे प्रमुख. याच कैद्यांवर पहारा ठेवणं हे त्यांचं काम होतं, आणि ते करताना त्यांनी कैद्यांना माणसासारखं वागवलं होतं. शत्रूच्या गणवेशातल्या या माणसाचं नाव आम्ही आदरानेच घेतो. त्यांनी फोनवर ओळख पटवली. तिघांचे जीव वाचले.

पुढे पुन्हा कोठडी, मग लायलपूरचा तुरुंग. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा ओलांडून सगळे मायदेशी परतले.

गवंडीबाबांनी काढलेल्या विटा झाडाखाली रचल्या आहेत. एकही फुटलेली नाही.