फायबरची बग्गी आणि परतीची तार

(दृश्य : अर्ध्यावर उघडलेलं गॅरेजचं शटर. आत चार चाकांवर उभा नुसता लोखंडी सांगाडा. भिंतीला टेकवून ठेवलेली लाल बॉडी.)

ही बग्गीची, म्हणजे वाळूवर पळवायच्या छोट्या उघड्या गाडीची बॉडी, आम्ही दोघांनी हातांवर उचलून आत आणली. तिच्यावर टिचकी मारली तर पत्र्यासारखा टणकन आवाज येत नाही, बद्द येतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होडीवर थाप मारली की येतो ना, अगदी तसा. ही गाडी ज्यांनी पहिल्यांदा घडवली ते होड्या बांधणारे होते. त्या होडीचा एक गुण हिच्या अंगात उतरला आहे आणि गेले चार महिने माझी संध्याकाळ त्याच्याशीच झटण्यात जाते आहे.

(दृश्य : दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा. न्यूपोर्ट बीच. लाटा.)

ब्रूस मायर्स. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात होते. ११ मे १९४५ रोजी ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर जपानी आत्मघातकी विमानं येऊन आदळली, तेव्हा ते त्याच जहाजावर होते. युद्ध संपलं आणि हा माणूस समुद्राजवळच राहिला. सर्फिंग, चित्रकला आणि पोटासाठी फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या.

त्या काळी पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर लोक जुन्या गाड्या कापून-जोडून पळवत असत. जड लोखंड, मोठी इंजिनं. ते बघून मायर्स यांनी गाडीसाठी होडीसारखा साचा केला. साच्याला आतून मेण, त्यावर रंगीत जेलकोटचा थर, मग काचतंतूंची चटई आणि रेझिन, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. सगळं कडक झालं की साच्यातून गाडीचं अंग सुटून बाहेर येतं. रंग अंगातच असतो, वरून मारावा लागत नाही. १९६४ मध्ये त्यांच्या न्यूपोर्ट बीचच्या गॅरेजमधून पहिली बग्गी बाहेर पडली. तिला पुढे ‘ओल्ड रेड’ म्हणू लागले. गाडीचं नाव मायर्स मँक्स. मँक्स ही आखूड शेपटीच्या मांजरांची जात. बग्गीची मागची बाजू तशीच, एकदम तोडून टाकल्यासारखी.

पहिल्या १२ गाड्यांत फायबरचं अंगच सगळा भार पेलायचं. गाडी मजबूत होती, पण महाग पडायची. मग मायर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचा तळ जसाच्या तसा घ्यायचं ठरवलं आणि तिथून हा विचार घरोघरच्या गॅरेजमध्ये शिरला. जुनी बीटल विकत घ्या, तिची बॉडी काढा, तळ कापून आखूड करा, वर आमचं अंग बसवा.

(दृश्य : मेक्सिकोतलं बाहा कॅलिफोर्निया. खडकाळ कच्चा रस्ता, निवडुंग, धूळ.)

गाडी खेळण्यासारखी दिसते, म्हणून लोक हसले असतील. उत्तर बाहाच्या रस्त्यावर मिळालं. एप्रिल १९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी ‘ओल्ड रेड’ बग्गी ‘ला पाझ’ शहरापासून तिहुआनापर्यंत आणली, ३४ तास ४५ मिनिटांत. आधीचा विक्रम मोटरसायकलचा होता, तो पाच तासांहून जास्त फरकाने मोडला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला त्याच वाटेवर पहिली मोठी शर्यत सुरू झाली, आज जिला बाहा १००० म्हणतात. तीही मँक्सनेच जिंकली. चालवणारे होते विक विल्सन आणि टेड मँगल्स.

मग नकला आल्या. मूळ मँक्स हजारांत बनल्या, नकलांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत सांगतात. मायर्स पेटंटसाठी कोर्टात गेले आणि हरले. १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. ही गोष्ट मला फार लागते. माझी बॉडीही अशाच एका नकलेच्या साच्यातली आहे, हे मी इथे उघड सांगतो, कारण मायर्स यांचं नाव घेताना ते लपवणं मला बरं वाटत नाही. २०१४ मध्ये ओल्ड रेडची सविस्तर नोंद अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहासाठी झाली. मायर्स यांनी ते पाहिलं. २०२१ मध्ये, ९४व्या वर्षी ते गेले.

(दृश्य : ग्राइंडरच्या ठिणग्या. तळाच्या मधल्या बोगद्यावर खडूने मारलेल्या दोन रेघा.)

माझा तळ १९६८च्या बीटलचा. बीटलची रचना या कामासाठी सोयीची, कारण बॉडी तळावर बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट सोडले की इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, पेडल, ब्रेक सगळं तळावरच राहतं. इंजिन हवेवर गार होणारं, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत.

या दोन रेघांमधलं अंतर १४.२५ इंच. तेवढा तुकडा काढायचा आणि पुढचा-मागचा भाग जुळवून वेल्डिंग करायचं. मधल्या बोगद्यातून क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरचा दांडा आणि पेट्रोलची नळी जाते. कापण्याआधी पेट्रोल पूर्ण काढून नळी हवा मारून साफ करून घ्यायची, यात हयगय नको. वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. ज्याच्यावर माणसं बसणार आहेत तो सांधा मुरलेल्या हाताने करावा, असं माझं मत आहे.

(दृश्य : टेबलावर पसरलेल्या तारांचा गुंता. रंगीत तारा, तारेच्या टोकाला बसवायची धातूची थिंबलं, ती दाबून बसवायची क्रिंपची पक्कड, सिरॅमिकचे फ्यूज.)

आता वायरिंग. नेहमीच्या गाडीत दिव्याकडे एकच तार जाते. करंट बॅटरीकडून तारेने येतो आणि परत जातो गाडीच्या अंगातून, पत्र्यातून. पत्राच परतीची वाट. आपल्याकडचे मिस्त्री तिला ‘अर्थ’ म्हणतात.

माझे मामा सांगलीत ऑटो इलेक्ट्रिशियन होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसायचो. जीप येवो, ट्रॅक्टर येवो, तक्रार कसलीही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : “आधी अर्थ बघ.” दिवा मंद, अर्थ बघ. सेल्फ जड फिरतो, अर्थ बघ. एक तार दिव्याच्या बुडाला लावायची, दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवायचं आणि दिवा लख्ख झाला की माझ्याकडे बघायचं.

फायबरमधून करंट जात नाही. हेडलाइट या लाल अंगाला कितीही घट्ट कसला, तरी परतीची वाट तिथे नाहीच. होडीतही असंच असतं, म्हणून होडीच्या प्रत्येक दिव्याला दोन तारा. मायर्स यांनी होडीचं अंग गाडीला दिलं आणि त्याबरोबर होडीची ही दुसरी तारही आली. या गाडीत परतीची वाट दिव्यागणिक हाताने बांधावी लागते.

(दृश्य : तारांच्या रंगांवर कॅमेरा. तपकिरी, लाल, काळी.)

मला रंगांनी घाबरवलं. मामांच्या दुकानात काळी तार म्हणजे अर्थ, हे हातात इतकं बसलेलं की बघायलाही लागायचं नाही. या जर्मन गाडीत अर्थची तार तपकिरी. लाल म्हणजे थेट बॅटरी. आणि काळी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी तार. सवयीने काळी तार तळाला कसली असती, तर चावी फिरवल्याबरोबर शॉर्ट. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : काळी जिवंत, तपकिरी अर्थ. जर्मन गाड्यांत टोकांनाही आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. एकदा ते पाठ झाले की नकाशा पुस्तकासारखा वाचता येतो.

फ्यूजबद्दल थोडंसं. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. उडाला म्हणून मोठा घालायचा नाही. ५५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. दोन दिवे, नऊ. तार त्या हिशोबाने जाड घ्यायची आणि फ्यूज तारेच्या हिशोबाने.

(दृश्य : रात्र. गॅरेजचा दिवा बंद. बग्गीचे मागचे दिवे.)

पहिल्यांदा सगळं जोडलं, तेव्हा मी आळस केला. मागच्या दिव्यांच्या अर्थच्या तारा एकातून दुसऱ्यात अशा साखळीने नेल्या आणि शेवटची तार तळाच्या एका बोल्टखाली दाबली. दिवे लागले. मग उजवा इंडिकेटर चालू केला, तर त्याच्याबरोबर दोन्ही टेल लाइट लुकलुकायला लागले. ब्रेक दाबला की इंडिकेटर मेला.

असं का होतं ते सांगतो, कारण रस्त्यावर कितीतरी ट्रॉल्या आणि टेम्पो याच रोगाने लुकलुकताना दिसतात. करंटला परतीची नीट वाट मिळाली नाही की तो शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलटा शिरतो आणि तिकडून वाट काढतो. मग एक दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचतो. दोष बल्बचा नसतो, स्विचचाही नसतो. आपण मात्र बल्ब बदलत बसतो.

मल्टिमीटरची एक तार दिव्याच्या अर्थवर धरली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दिवा चालू ठेवून. तिथे शून्याच्या जवळ आकडा दिसायला हवा. मला दिसला १.८ व्होल्ट. बोल्ट उघडला, खाली माझ्याच हाताने मारलेला नवा रंग. चकचकीत, जाड. थिंबल रंगावर बसलं होतं.

सगळं उसकटलं. पितळेच्या दोन पट्ट्या आणल्या, एक डॅशबोर्डच्या मागे, एक मागच्या दिव्यांपाशी. प्रत्येक दिव्याची तपकिरी तार स्वतंत्र, थेट आपापल्या पट्टीवर. दोन्ही पट्ट्यांपासून जाड तार तळाला, आणि तळावर जिथे ती टेकते तिथला रंग खरवडून उघडं लोखंड, वरून ग्रीस. या कामाला दोन रविवार गेले. मग आकडा आला ०.०६. मी त्याचा फोटो काढून ठेवला आहे.

(दृश्य : गाडीखालून. गिअरबॉक्सचं पुढचं टोक. विणलेली चपटी तांब्याची पट्टी.)

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. सेल्फ मारला, इंजिन जड जड फिरलं. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी पेडलापाशी धूर. आधी बॅटरीचं टोक काढलं, मग हात लावून बघितला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला सोसवत नव्हती, इतकी तापलेली.

त्या रात्री मामांना फोन लावला. तिकडे भारतात सकाळ होती. मामा आता थकलेत, दुकान बंद करून वर्षं झाली.

“मामा, सेल्फ ओढत नाही आणि पेट्रोलची केबल तापतेय. तुम्ही असं कधी बघितलंय?”

“गिअरबॉक्स कशावर बसलाय रे?”

“रबरावर.”

“मग त्याला अर्थ कुठनं दिलायस?”

मी गप्प. बीटलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या गादीवर बसतात. रबर म्हणजे पुन्हा वाट बंद. म्हणून गिअरबॉक्सपासून तळापर्यंत ही विणलेली तांब्याची पट्टी असते. तळ कापायच्या वेळी मी ती काढून डब्यात ठेवली होती. सेल्फ शेकड्याने अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला परतीची एकच धातूची वाट उरली होती, ती म्हणजे त्या बारीक केबलची. केबल पूर्ण जळाली असती तर निदान गाडी जागेवर थांबली असती. अर्धवट जळून ती धावत्या गाडीत अडकली असती, तर पाय उचलूनही इंजिन उतरलं नसतं. मी ती केबल बदलली. तिच्यावर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती.

डब्यातली पट्टी काथ्याने घासली, दोन्ही टोकांखालचं लोखंड उघडं केलं, कसली. सेल्फ मारला, अर्ध्या फेरीत इंजिन सुरू.

पेट्रोलच्या काट्याची तक्रार मग पाच मिनिटांत सुटली. टाकी फायबरमध्ये बसलेली, तिलाही अर्थ नव्हता. एक तपकिरी तार दिली, काटा उठला.

(दृश्य : संध्याकाळ. बग्गी गॅरेजच्या बाहेर, चारही दिवे लागलेले. मोबाइल डॅशबोर्डला टेकवलेला, त्यावर मामांचा चेहरा.)

आज मामांना सगळं दाखवायचं ठरवलं. हेडलाइट लावले, अपर, डिपर. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, टेल लाइट जागेवर स्थिर. ब्रेक. मामा चष्मा वर-खाली करून बघत होते, काही बोलत नव्हते.

“हॉर्न वाजव की.”

दाबला. काही नाही.

मामांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या गाडीत हॉर्नचं बटण फक्त अर्थ जोडतं आणि तो अर्थ स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली जातो. दांडा जिथे स्टिअरिंगच्या पेटीला मिळतो, तिथे मध्ये एक चकती आहे. रबराची.

टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलो. बोटभर लांबीची तपकिरी तार, दोन्ही टोकांना थिंबल, चकतीच्या एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत. वरून फोनमधून मामांचा आवाज येत होता, कुणालातरी सांगत होते, जरा थांबा, पोरगं गाडीखाली गेलंय.

(हॉर्न. एकदा. मग पुन्हा, जरा लांब.)