बडं घर, पोकळ वासा

पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या घरांची डागडुजी'. मी बोलणार आहे माळ्यावरच्या भुंग्याबद्दल. अध्यक्षांना तसं आधीच सांगून ठेवलंय, म्हणून त्यांचा चेहरा असा झालाय.

इथल्या निम्म्या मंडळींची घरं कौलारू आहेत, उरलेल्यांची होती. हल्ली माळ्यावर खोली काढायची टूम आहे. पर्यटकाला कौलाखाली झोपायचं असतं, फक्त कौल दिसायला नको असतं! मग वाशांखाली प्लाय, प्लायखाली जिप्सम, जिप्सममध्ये निळे दिवे. अशाच एका घरी काम चालू असताना गेलो होतो. मेस्त्री म्हणाला, "सागवान आहे साहेब, शंभर वर्षं बघायला नको." मी स्क्रूड्रायव्हर घेऊन एक वासा टोचत गेलो. आढ्याकडे ठणठणीत. खाली, वासा भिंतीवर टेकतो तिथे पातं सरळ मुठीपर्यंत आत! मेस्त्री शांतपणे म्हणाला, "तेवढं पुट्टीनं भरून घेऊ." कौलांचा भार उतरतो त्या टोकाला पुट्टी! त्यावर यजमान विचारतात, "पण रंग दिल्यावर दिसणार नाही ना?" हसू नका, तुमच्यातलेही दोघे-तिघे हेच विचारणार आहेत.

बरं, सागवान म्हणजे गाभा. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि बारक्या भुंग्याच्या अळीला तेच हवं असतं. पूर्वीचे सुतार ते पांढरं तासून टाकत. आता कोण टाकतो?

आणि हे फक्त आपल्याकडेच असं समजू नका. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं ओकचं छप्पर चौदाव्या शतकाच्या अखेरचं. भुंग्यानं ते इतकं पोखरलं, की 1914 ला सुरू झालेली दुरुस्ती 1923 पर्यंत चालली, पोलादाचा आधार द्यावा लागला. तिथला भुंगा लाकडावर डोकं आपटून टकटक करतो. ते जोडीदाराला बोलावणं असतं, पण आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना वाटे, यमदूत आले. आपला भुंगा असा बोभाटा करत नाही, नुसतं पीठ सांडतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता भराभर.

वाळवी मातीचे बोगदे करते. भुंग्याची भोकं गोल, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, खाली मैद्यासारखं पीठ. भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण, ते वीस वर्षांपूर्वीचंही असेल. म्हणून सगळं झाडून काळा कागद पसरा आणि उन्हाळाभर बघा. ताजं पीठ पडलं, तर आत वस्ती आहे.

आधी गळती थांबवा. मग भिंतीत गेलेली टोकं मोकळी करून टोचून बघा. पोकळ टोक कापून नवं लाकूड जोडायचं. बाकीच्याला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी, दोन हात, जाड वाशाला भोकं पाडून आत. जुना रंग, व्हार्निश खरवडल्याशिवाय ते मुरत नाही, आणि कौल गळलं तर धुऊन जातं. रॉकेलमधलं कीटकनाशक मारणार असाल तर जाणकार माणूस बोलवा, माळ्यावरची वीज बंद ठेवा, वास जाईपर्यंत तिथे झोपू नका. हे सगळं प्लाय ठोकायच्या आधी! आणि वळचणीकडे एक फळी उघडता येईल अशी ठेवा, दरवर्षी बॅटरी घेऊन डोकवायला.

काजूच्या टरफलाच्या तेलाचं कुणीतरी विचारणारच. लावा, आपल्याकडे लावत आलेच आहेत, पण हातमोजे घालून. नाहीतर वासा राहील आणि हाताला फोड येतील. बाकी चहाच्या वेळी.