मरू नकोस, हा निरोप: दाहात सापडलेली चेतापेशी आणि वृद्धिघटक

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात चेतापेशीच्या मरणापासून करावी लागते, कारण तिच्या जगण्याचं गणित तिथूनच कळतं. वाढत्या गर्भातल्या चेतापेशीला मारायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. मरणाची सगळी सामग्री तिच्या आत जुळवून ठेवलेली असते आणि ‘थांब, मरू नकोस’ असा निरोप बाहेरून सतत येत राहिला तरच ती जगते. हा निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर, आपण त्याला वृद्धिघटक म्हणू.

याचा पुरावा काचेच्या बशीत पाहता येतो. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मानेतली सिंपथेटिक गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा गुच्छ, काढून तिच्या पेशी सुट्या करतात आणि एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम घालून वाढवतात. पाच-सहा दिवसांत पेशींना लांबलचक तंतू फुटतात. मग एनजीएफ धुऊन काढायचं, उरलंसुरलं अँटीबॉडीने बांधून टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहायचं. बारा-पंधरा तासांत तंतूंवर मण्यांसारख्या गाठी येऊ लागतात, पेशी आक्रसते, केंद्रक घट्ट होतं. दोन दिवसांत बहुतेक पेशी गेलेल्या असतात. आता हाच प्रयोग प्रथिननिर्मिती थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड घालून केला तर पेशी तगतात! उपासमार झाली म्हणून पेशी मेली असती, तर प्रथिनं बनवणं बंद केल्यावर ती आणखी लवकर मेली असती. म्हणजे हे मरण पेशी स्वतः, नवी प्रथिनं बनवून, घडवून आणते.

एनजीएफचा शोध रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांचा. १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. कोहेन यांनी उंदराच्या कर्करोगाच्या गाठीच्या अर्कातली न्यूक्लिक आम्लं तोडायला सापाचं विष वापरलं, तर अर्काचा प्रभाव कित्येक पटींनी वाढला. विषातच एनजीएफ ठासून भरलेलं निघालं. तिथून शोध सरकला तो उंदराच्या लाळग्रंथीकडे. पुढे १९८२ साली डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ हा वृद्धिघटक वेगळा केला गेला आणि १९९३ साली जीडीएनएफ हा आणखी एक सापडला.

निरोप आत कसा पोचतो? एनजीएफसाठी ट्रकए, बीडीएनएफसाठी ट्रकबी असे ठरलेले रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी पेशीपृष्ठावरची प्रथिनं, आहेत. वृद्धिघटकाची जोडी चिकटली की दोन रिसेप्टर जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. पाच-पंधरा मिनिटांत हा भर शिगेला पोचतो. पुढच्या वाटांपैकी जगण्यासाठी सगळ्यांत मोलाची वाट पीआय३-कायनेजमार्गे एकेटी या एन्झाइमकडे जाते. एकेटी काय करतं ते नीट पाहू. बॅड नावाचं प्रथिन मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रावर, जाऊन रक्षक प्रथिनांना अडवून धरतं. एकेटी त्यावर फॉस्फेटचा ठसा मारतं आणि १४-३-३ नावाचं प्रथिन त्याला पेशीरसातच पकडून ठेवतं. फॉक्सओ हा मरणाचे जीन चालू करणारा घटक, तोही असाच केंद्रकाबाहेर रोखला जातो. दुसरी वाट ईआरके या एन्झाइमची. ती सीआरईबी या जीन चालू करणाऱ्या प्रथिनाला जागं करते आणि बीसीएल-२ सारखी रक्षक प्रथिनं नव्याने तयार होतात. पहिली वाट मिनिटांत काम करते, दुसरीला काही तास लागतात. हा फरक लक्षात ठेवा, प्रयोग आखताना तो लागेल.

आता दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. मेंदूत दाह पेटवतात त्या प्रामुख्याने मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी. जिवाणूच्या भित्तिकेतलं एलपीएस किंवा मेलेल्या पेशींचा कचरा जाणवला की त्या टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं सोडतात, शिवाय नायट्रिक ऑक्साइड आणि ग्लुटामेट. नायट्रिक ऑक्साइड मायटोकाँड्रियात ऑक्सिजनच्याच जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी असेल तिथे ते फार घातक ठरतं. इंटरल्युकिन-१ बीटा चेतापेशीवरच्या एनएमडीए या ग्लुटामेटच्या रिसेप्टरमधून कॅल्शियमचा ओघ वाढवतं. टीएनएफ आपल्या पहिल्या रिसेप्टरवर, टीएनएफआर१ वर, बसलं की आतून कॅस्पेज-८ हे प्रथिनं कापणारं मरणाचं एन्झाइम जागं होऊ शकतं. ते बिड या प्रथिनाचा तुकडा पाडतं, तो तुकडा बॅक्स या दुसऱ्या प्रथिनाकरवी मायटोकाँड्रियाला भोकं पाडतो, सायटोक्रोम सी बाहेर येतं, मग कॅस्पेज-९, मग कॅस्पेज-३. कॅस्पेज-८ अडवलं तर पेशी वाचेलच असं नाही; आरआयपीके१ आणि आरआयपीके३ या एन्झाइमांच्या वाटेने ती फुटून मरू शकते, आणि फुटलेली पेशी दाह आणखी भडकवते. म्हणून नुसते कॅस्पेज-रोधक घालून ‘संरक्षण झालं’ असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीही बशी पाहावी.

बॅड, बिड, बॅक्स ही सगळी भांडणं मायटोकाँड्रियाच्या दारातच होतात, म्हणून वृद्धिघटकाला दाहाशी तिथे सामना करता येतो. इथवर चित्र सोपं वाटतं: एका पारड्यात दाह, दुसऱ्यात वृद्धिघटक, तेव्हा वृद्धिघटक जास्त ओता. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यांत महागात पडलेली समजूत हीच.

१९९९ साली प्रसिद्ध झालेलं एक काम पाहा. उंदराच्या अनुमस्तिष्कातल्या ग्रॅन्यूल चेतापेशींना आयजीएफ-१ हा वृद्धिघटक मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम दिला होता. एवढ्यावर त्या छान जगतात. सोबत टीएनएफ घातलं ते मिलिलिटरला अवघं १० पिकोग्रॅम, म्हणजे वजनाने दहा हजारपट कमी. तेवढ्याने आयजीएफ-१ ची जगवण्याची ताकद लक्षणीय घटली. टीएनएफने थेट वार केला नव्हता. रिसेप्टरकडून निरोप पुढे नेणाऱ्या आयआरएस-२ या प्रथिनावर फॉस्फेट चढणंच त्याने अडवलं. त्यामुळे पीआय३-कायनेज जागं झालं नाही. निरोप दारापर्यंत आला, पण घर बहिरं झालं होतं. अशा घराच्या दारात आणखी ओरडून काय होणार?

दाह निरोपच बिघडवतो तेही सांगतो. एनजीएफ आधी प्रोएनजीएफ या लांब रूपात तयार होतं. पेशीबाहेर प्लाझमिन हे एन्झाइम त्याला कापून पक्कं रूप देतं आणि एमएमपी-९ हे दुसरं एन्झाइम त्या पक्क्या रूपाचा फडशा पाडतं. दाहात एमएमपी-९ वाढतं. न कापलेलं प्रोएनजीएफ मग पी७५ आणि सॉर्टिलिन या रिसेप्टरांच्या जोडीवर बसतं आणि तिथून जाणारा संदेश मरणाचा असतो. म्हणून ऊतीत ‘एकूण एनजीएफ’ मोजून काहीच कळत नाही. कच्चं आणि पक्कं रूप वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार दाखवणाऱ्या चाचणीत, वेगळं करूनच पाहायला हवं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आता थोडं सविस्तर, कारण इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक पेशी वाढवायच्या माध्यमात लपलेली असते. माध्यमात घालायच्या एन-२ पूरकात मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम इन्सुलिन असतं आणि एवढं इन्सुलिन आयजीएफ-१ चा रिसेप्टरही चालवतं. बी-२७ या दुसऱ्या पूरकात इन्सुलिनबरोबर अँटिऑक्सिडंटही असतात. अशा माध्यमात पेशी आधीच निम्म्या वाचलेल्या असतात, मग तुमच्या घटकाचा परिणाम दिसणार कसा? दुसरी चूक अधिक फसवी. बरेच वृद्धिघटक ई. कोलाय जिवाणूत बनवतात, त्यामुळे त्यांत एलपीएसचा अंश राहू शकतो. मायक्रोग्लिया असलेल्या बशीत तो दाह पेटवतो आणि दोष वृद्धिघटकावर जातो. ताडून पाहायला काही जण घटक उकळून नियंत्रण-नमुना बनवतात. उकळल्याने प्रथिन मरतं, एलपीएस मात्र तसंच राहतं, तेव्हा हा नमुना चांगला उपयोगी पडतो: उकळलेल्यानेही तोच परिणाम दिसला तर तो एलपीएसचा समजा आणि एलपीएसला बांधणारं पॉलिमिक्सिन बी घालून पुन्हा तपासा.

तिसरी गोष्ट साधी, पण तिने कित्येकांचे महिने खाल्ले असतील. बीडीएनएफ धनप्रभारित असतं आणि प्लास्टिकला चिकटतं. पातळ द्रावण नळीत ठेवलं तर निम्मं भिंतीवर जाऊ शकतं, म्हणून द्रावणात ०.१ टक्का अल्ब्युमिन घालावं, लहान वाटे करून गोठवावेत आणि वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये. चौथी चूक मोजणीची. मिश्र बशीत एमटीटी या जिवंतपणाच्या चाचणीचा रंग सगळ्याच जिवंत पेशी देतात. चेतापेशी मेल्या आणि ग्लिया, म्हणजे त्यांच्या साथीदार पेशी, वाढल्या तर आकडा तोच राहतो. एमएपी-२ किंवा न्यूएन ही चेतापेशींची ओळखखूण असलेली प्रथिनं रंगवून चेतापेशी डोळ्यांनी मोजाव्यात. आणि वेळ: २४ तास आधी वृद्धिघटक देऊन मिळालेलं संरक्षण बरंचसं सीआरईबीच्या वाटेचं असतं. दाह सुरू झाल्यावर सहा तासांनी दिलेला घटक पेशी वाचवतो का, हा प्रश्न निराळा आहे, आणि रुग्ण नेहमी दुसऱ्या अवस्थेतच येतो.

रुग्णांपर्यंत हे फारसं का पोचलं नाही, त्याची कारणं वर आलीच आहेत, आणखी एक पोचण्याचं. बीडीएनएफ रक्तात काही मिनिटंच टिकतं आणि रक्त-मेंदू अडथळा फारसा ओलांडत नाही. एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरण्याच्या आजारात त्वचेखाली दिलेल्या बीडीएनएफची मोठी चाचणी फसली. अल्झायमरच्या रुग्णांत एनजीएफ थेट मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिलं, तर पाठदुखी आणि वजन घटणं यांमुळे थांबावं लागलं. दुसऱ्या बाजूने, निरोप अडवणारं टीएनएफच बांधून टाकू असं म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये लेनरसेप्ट दिलं, तर आजाराचे झटके वाढले. टीएनएफचा दुसरा रिसेप्टर, टीएनएफआर२, मायलिनच्या, म्हणजे चेतातंतूंभोवतीच्या आवरणाच्या, दुरुस्तीला मदत करतो हे प्राण्यांवरच्या कामातून पुढे आलं. तेव्हा अडवायचं असेल तर पहिला रिसेप्टर तेवढा अडवावा, हा विचार मला पटतो.

यश आलं ते डोळ्यात. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या नसा मेल्यावर होणाऱ्या न्यूरोट्रॉफिक केराटायटिससाठी सेनेगर्मिन हे एनजीएफचे थेंब युरोपात २०१७ आणि अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी एक असे दिवसातून सहा थेंब, आठ आठवडे. अश्रू औषध धुऊन नेतात म्हणून इतक्या वेळा. इथे अडथळा ओलांडायचा नाही, मात्रा थेट तंतूंच्या टोकांवर पडते. सर्वाधिक आढळणारा त्रास मात्र डोळा दुखण्याचा आहे, कारण वेदना वाहणाऱ्या तंतूंवरही तोच ट्रकए बसलेला असतो.