पोरगं बोलत का नाही?

[दृश्य: खानापूर तालुक्यातली एक अंगणवाडी. सकाळ. चटईवर बसलेली मुलं.]

अंगणवाडीच्या बाई कन्नडमध्ये विचारतात, "निन्न हेसरेनु?" चार वर्षांची पोरगी चटईच्या काड्या उपसत बसते. शेजारची मैत्रीण कोपरानं ढोसते, "अगं, नाव सांग की!" तरी तोंड उघडत नाही. आईला विचारा, तर ती हसते. घरी ही कोंबड्यांनाही दम देते म्हणे, तोही अस्सल मराठीत.

हिला काही विकार आहे का? बहुधा नाही. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं कित्येक महिने गप्प राहतात. त्या काळात कान काम करत असतात.

[दृश्य: निपाणीजवळचं एक घर. ओसरीवर सायकलची चेन बसवणारा मुलगा.]

या मुलाच्या घरी मराठी, शाळाही मराठी. वय सहा. चेन मिनिटात बसवतो, कान तपासून झाले, ठणठणीत आहेत. पण "आतून पिशवी आण आणि दार लावून घे" म्हटलं की पिशवी येते, दार तसंच राहतं. शाळेत काय झालं विचारलं तर "बाई... मारलं... तो" एवढंच. कुणी कुणाला मारलं, ते आईनं हुडकायचं. आजी म्हणते, ह्याचा बापपण उशिराच बोलला. गावात म्हणतात, लाजाळू आहे.

एकच भाषा असल्यामुळे याच्याकडे कुणी संशयानं बघत नाही, आणि खरी काळजी याचीच आहे. तज्ज्ञ याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीएलडी, म्हणजे भाषा समजायला आणि बोलायला शिकण्यातच येणारी अडचण. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या पाहण्यांत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी साधारण ७ टक्क्यांना असा विकार आढळला. म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. घरात पूर्वी कुणाला असा त्रास असेल, तर शक्यता वाढते. आजी सहज बोलून गेली, ते डॉक्टरच्या कामाचं होतं.

[दृश्य: बेळगाव, बाजार. मराठी आणि कन्नड बोलणं एकमेकांत मिसळलेलं.]

सीमाभागात घरात मराठी, दुकानात कन्नड, टीव्हीवर हिंदी, आणि ऐपत असेल तर शाळा इंग्रजी. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. भाषेचं राजकारण इथं सगळ्यांना पाठ आहे. मुलाच्या जिभेचा विषय निघाला की मात्र सगळे एका सुरात सांगतात, "दोन-दोन भाषांचा गोंधळ झालाय. एक बंद करा." बंद करायची ती बहुतेक वेळा घरातलीच. हा सल्ला चुकीचा आहे, आणि क्रूरही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, तीच काढून घेतल्यावर पोर बोलणार कुणाशी?

दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. असलाच, तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एका भाषेत मूल वयाप्रमाणे बोलत असेल, तर दुसरीत अडखळणं हे फक्त सवयीचं काम. म्हणून शब्द मोजताना 'दूध' मराठीत आणि 'बेक्कु' (मांजर) कन्नडमध्ये येत असेल, तर ते दोन शब्द धरायचे. दोन वर्षांच्या मुलाकडून, दोन्ही भाषा मिळून, साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्या, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इथले मोठेही तसंच बोलतात.

व्याकरणाचंही तेच. "मी भाकरी खाल्लो" असं मूल म्हणालं, तर पुण्याचा तपासनीस लाल रेघ मारेल. पण आईच तसं बोलत असेल, तर मूल जे ऐकलं तेच बोलतंय. तुलना करायची ती त्याच गल्लीतल्या, त्याच भाषा ऐकणाऱ्या मुलांशी, किंवा त्याच्याच भावंडांशी.

मग ओळखायचं कसं? एक युक्ती म्हणजे अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावणं. 'टबीलोमा', 'गिदपुकाने'. कुणीच आधी ऐकलेले नाहीत, त्यामुळे कोणती भाषा किती ऐकली याचा फरक बराच कमी होतो. मात्र शब्दांचे आवाज मुलाच्या भाषांतलेच हवेत. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: आधी विचारा, मग थोडं शिकवा, मग पुन्हा विचारा. ज्याला फक्त सराव कमी आहे, ते मूल चटकन उचलतं. विकार असेल, तर शिकवूनही फार हळू सरकतं.

म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत कन्नडच्या चाचण्या तयार झाल्या, मराठीसाठी मुंबईकडे बघायचं. दोन्ही घेऊन जगणारं पोर मधेच. त्यामुळे घरच्यांनी तयारीनं जावं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. भाषेतला उशीर त्यांच्या यादीत आहे, विचारा. पहिली तपासणी कानांची. मग मोबाइलवर मुलाचं बोलणं टिपून न्या: घरचं मराठीत, शेजारच्या पोरांशी खेळतानाचं कन्नडमध्ये. पहिला शब्द कधी आला, तेही कागदावर लिहा. आणि तपासणारा एकाच भाषेत विचारू लागला, तर सांगा, "साहेब, दुसरीतही विचारा."