ओटच्या शेतात संपलेला रस्ता

(पडद्यावर : सरळ चौपदरी रस्ता. पुढे नुसतं शेत.)

ऑक्टोबर १९५६. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने रोखे विकून बांधलेला टोलरस्ता सुरू झाला. दक्षिणेला ओक्लाहोमाची हद्द आली आणि रस्ता संपला. पुढे ओटचं शेत. भरधाव आलेल्या काही गाड्या थेट पिकात घुसल्या. कॅन्ससचं काम चोख होतं, शेजाऱ्याचा रस्ता झाला नव्हता, इतकंच.

१९१६ च्या कायद्यापासून रस्त्यांच्या खर्चाची रीत होती ती निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. ती पुरती मोडली त्याच १९५६ च्या जूनमध्ये. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इस्पितळात असताना नव्या महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं, आणि खर्चातले शंभरातले नव्वद केंद्राचे! पैसा पेट्रोलपंपावरून यायचा, गॅलनमागे ३ सेंट, सरळ महामार्ग निधीत. रस्ते मात्र राज्यांचेच. बांधायचे त्यांनी, सांभाळायचेही त्यांनी. आजही राज्य आधी खर्च करतं, मग बिल वॉशिंग्टनला लावतं.

आता एवढे पैसे देणारा गप्प थोडाच बसणार? १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राज्यांना बजावलं, दारू विकत घेण्याचं वय २१ करा, नाहीतर महामार्गाचे पैसे कापू. साउथ डकोटात एकोणीस वर्षांच्या पोरालाही सौम्य बिअर मिळायची. राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरलं. दुखणं म्हशीला नि डाग पखालीला! न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालाच्या विरोधात मत दिलं, त्यांचा आक्षेप साधारण हाच होता.

पुढे देणाऱ्याचाच हात आखडला. केंद्राचा पेट्रोलकर गॅलनमागे १८.४ सेंट, हा दर १९९३ चा. महागाई वाढली तरी तो आपोआप वाढत नाही. गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, रस्त्याचं काम महागलं. २००८ मध्ये निधी इतका आटला, की सरकारी तिजोरीतून ८ अब्ज डॉलर ओतावे लागले. मग ती सवयच लागली. कर वाढवायला वॉशिंग्टनमध्ये कुणी धजत नाही. अनेक राज्यांनी मात्र आपापला वाढवला.

(पडद्यावर : ऑरेगन. चार्जिंगला लावलेली गाडी.)

अमेरिकेत पेट्रोलवर पहिला कर लावला तो ऑरेगन राज्याने, १९१९ मध्ये, गॅलनमागे १ सेंट. त्याच ऑरेगनमध्ये २०१५ पासून, ज्यांनी आपणहून नाव नोंदवलं त्यांना गाडी किती मैल धावली त्यावर बिल येतं. पंपावर भरलेला राज्याचा कर त्यातून वळता होतो.